माझ्या नावावरची एकशे सेहेचाळीस चरित्रं

आमच्या गावच्या वाचनालयाच्या रजिस्टरात माझ्या नावावर एकशे सेहेचाळीस चरित्रं आणि आत्मचरित्रं आहेत. कधी नेली, कधी परत केली, सगळं तारखेनिशी. त्यातलं एकही मी वाचलेलं नाही. मी पाइप-मोटरचं दुकान चालवणारा माणूस. पेपर वाचतो, तोही निधनवार्ता आणि हवामान एवढाच.

ही करामत वासुदेवरावांची. ते आमचे ग्रंथपाल. वर्ध्याकडच्या आमच्या आष्टी तालुक्यात बेचाळीसच्या हुतात्म्यांचं नाव घेतल्याशिवाय कोणाचं भाषण सुरू होत नाही, पण थोरामोठ्यांची चरित्रं वाचा म्हटलं की सगळ्यांना शेतात काम निघतं. आणि वाचनालयाची मान्यता टिकवायची तर पुस्तकं बाहेर गेलेली दिसायला हवीत. वर्षातून एकदा जिल्ह्याहून साहेब येऊन रजिस्टर तपासत. मग वासुदेवराव काय करत? प्रत्येक चरित्र स्वतः वाचत, आणि गावातल्या ज्याला ते शोभेल त्याच्या नावावर लिहीत. बांगड्यांचं दुकान असलेल्या शकुंतलाबाईंच्या नावावर सगळे सेनापती आणि पहिलवान होते. त्या गिऱ्हाइकाशी कशा बोलतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांना यात काही चूक दिसणार नाही. माझ्या नावावर शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर. का, ते त्यांनाच माहीत.

पण खोटं लिहून गप्प बसावं, तर तसं नाही. ज्याच्या नावावर पुस्तक, त्याच्याकडे जाऊन ते सांगायचं. "साहेबानं पुसलं तर तुमाले सांगता आलं पायजे ना, धर्मेंद्रभाऊ." दुपारी दुकानात शुकशुकाट असला की ते यायचे, पाइपच्या गुंडाळीवर बसायचे आणि सुरू करायचे. सुरुवात नेहमी एकच, या माणसाची माय कोण होती. शोध, लढाया, मानसन्मान हे सगळं नंतर. मी इकडे नट-बोल्ट मोजतोय, तिकडे कोणीतरी परदेशात उपाशीपोटी परीक्षा देतोय. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तरी सव्वीस वर्षांत थोडं पाणी आत गेलंच असावं.

साहेबांनी या सव्वीस वर्षांत कोणालाही एकही प्रश्न विचारला नाही. ते यायचे, सही करायचे, संत्री घेऊन जायचे. हे वासुदेवरावांनाही कळलं होतं. तरी सांगणं काही थांबलं नाही.

सुरुवात मायपासूनच का, याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. वासुदेवराव दोन वर्षांचे असताना त्यांची आई त्यांना पुलगावला मावशीकडे ठेवून गेली. 'चार महिन्यांत घ्यायला येते' म्हणून गेली. ती आली नाही. मेली म्हणावं तर कोणी सांगितलं नाही, दुसरं घर केलं म्हणावं तर कोणी पाहिलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही एका डॉक्टरीणबाईंच्या आत्मचरित्राचा पहिला भाग सांगताना. ही बाई जुन्या काळातली, विदर्भातलीच. दोन वर्षांच्या मुलीला बहिणीकडे सोडून विलायतेला डॉक्टर व्हायला गेली. बंदरात बोटीवर चढली आणि पहिला भाग संपला.

"मंग?" मी सहज विचारलं.

"मंग दुसऱ्या भागात," ते म्हणाले. "तो आपल्याकडं नाई."

त्या दुसऱ्या भागासाठी हा माणूस अकरा वर्षं थांबला. पत्रं लिहिली, यादीत टाकला, नागपूरला जाणाऱ्याच्या हाती चिठ्ठी दिली. शेवटी वर्ध्याला बोरगाव मेघेत एक प्राध्यापक वारले आणि त्यांच्या मुलांनी घर रिकामं करताना पुस्तकं देऊन टाकली. वासुदेवराव एसटीनं जाऊन दोन पोती घेऊन आले. दुसऱ्या पोत्यात ते पुस्तक होतं.

पण तोवर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू बळावला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं पाइपातून पाहावं एवढंच दिसे, आणि तेही महिनाभरात गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. पुस्तक हातात आणि अक्षर दिसत नाही, असं देवानं कोणाचं करू नये. त्याच वर्षी वाचनालयाची मान्यताही गेली. नवे साहेब आले, त्यांनी रजिस्टर उघडलंच नाही. गळक्या छताचे मोबाइलवर फोटो काढले आणि गेले.

त्यांच्या बायकोला, भागीरथाकाकूंना, सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. मुलगी अंकिता अमरावतीला, तिची नोकरी आणि तान्हं मूल. तेव्हा एका दुपारी वासुदेवराव भिंत धरत धरत दुकानात आले आणि काउंटरवर ते पुस्तक ठेवलं.

"धर्मेंद्रभाऊ, तुमच्या नावावर एकशे सेहेचाळीस हायेत. हे एक खरंच वाचा. माह्यासमोर बसून."

"वाचतो ना, काकाजी. त्यात काय."

"मले दुसरं काई नाई पायजे. ते पोट्टीले घ्याले आली का नाई, एवढंच पायजे. पन शेवट नका सांगू. पयल्या पानापासून वाचा. कशी आली, काऊन उशीर झाला, समदं."

मी त्यांच्या घरापुढच्या छपरीत जाऊ लागलो. आठवड्यातून तीन दुपारी. ते खाटेवर ताठ बसायचे, सोवळ्यात बसल्यासारखे. काकू चहा ठेवून आत जायच्या. साडेचारशे पानं, मुंगीएवढं अक्षर. आणि बाई लिहिते काय? बोटीवरचं जेवण, वसतिगृहाचे नियम, कोणत्या प्राध्यापकाने काय शिकवलं. पहिल्या दिवशी अकरा पानं झाली आणि माझा घसा बसला. ते मात्र मधेच थांबवत, "हे वाक्य अजून एकदा वाचा." हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, स्प्रिंकलरचा हंगाम, खिशात फोन थरथरतोय. मला त्या बाईचा राग येऊ लागला. खरं सांगायचं तर वासुदेवरावांचाही आला.

चौथ्या दिवशी मी दोन पानं एकदम उलटली. त्यांनी थांबवलं नाही. सहाव्या दिवशी दहा. मग सरावलो. परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचायचं, पुढचे चार सोडायचे. आठव्या-नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोट्टीचं नाव अजून नाई आलं?"

"नाई आलं, काकाजी. येईन पुढं."

आलं असेलही. मी नव्वदेक पानं गाळली होती.

त्याच सुमारास वाचनालय समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव दुकानात आले. वाचनालयाची सगळी पुस्तकं वर्ध्याला जमा करायची होती, ट्रक ठरला होता. "यादीत एक कमी येऊन राह्यलं. तुमच्याकडं हाय म्हंते." या प्रभाकररावांनी जन्मात वाचनालयाची पायरी फक्त झेंड्याला चढली, पण यादी मात्र पुरी पाहिजे. मी म्हणू शकलो असतो, पंधरा दिवस थांबा. हरवलं म्हणू शकलो असतो. मी काउंटरखालून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. सुटलो, असं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी छपरीत गेलो तो पाइप कंपनीचा जाडा कॅटलॉग घेऊन. त्यांना दिसत तर नव्हतंच. मांडीवर उघडला, दोन पानं उलटली आणि आज शेवट करून टाकू असं ठरवून सुरू झालो. बाई डॉक्टर झाली. बोटीनं आली. मग गाडीनं. स्टेशनवर बहीण मुलीला घेऊन उभी होती. मुलगी आईला ओळखेना, मावशीच्या पदरामागे लपली. मग आईनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, एक फोड पुढे केली. मुलीनं हळूच हात लांब केला. माझ्या आवाजात कंपही आला हो. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल, आणखी काय पाहिजे.

वासुदेवरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे टेसन त्या लष्करातल्या डॉक्टरचं होय. लढाईहून आलता तो. मावशी नाई, आजी होती तिथं, अन पोट्टी नाई, पोरगा होता. दोन हजार चारमंदी मीच सांगतलं होतं तुमाले. संत्रं तेवढं तुमचं हाय."

मी कॅटलॉग मिटला.

"कागद बी गुळगुळीत वाजून राह्यला," ते म्हणाले. "पुस्तक कुठं हाय?"

मी सांगितलं. ट्रक त्या दिवशी सकाळीच गेला होता.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मांडीवरच्या पंच्याची नीट घडी केली, ती उलगडली, परत केली. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला नाही.

बैल गेला अन् झोपा केला, तसा मी दुसऱ्या दिवशी वर्ध्याला गेलो. गोदामात पोत्यांवर पोती. तिथला माणूस म्हणाला, यादी झाल्याशिवाय पोतं उघडता येत नाही, महिन्यानं या. महिन्यानं गेलो तर गोदामात सिमेंट भरलेलं. जुनी, फाटकी, दुबार पुस्तकं रद्दीत काढली म्हणाले. कोणती काढली याचा कागद कोणाकडेच नव्हता. नागपूरला पुस्तकांच्या दुकानांतून फिरलो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याला नाव आठवलं, म्हणाला, छापणारेच उरले नाहीत, आता कुठलं. अंकितानंही अमरावतीच्या दोन-तीन ग्रंथालयांत विचारलं. पहिला भाग होता. दुसरा कुठेच नव्हता.

मी येऊन सांगितलं. वासुदेवराव म्हणाले, "असू द्या."

त्यानंतर त्यांनी पुस्तकांचं नाव काढलं नाही. मी म्हणायचो, काकाजी, दुसरं एखादं वाचतो, अगदी शब्दन् शब्द वाचतो. ते हातानेच नको म्हणायचे. शकुंतलाबाई एकदा येऊन बसल्या. त्यांच्या नावावरचा एक सेनापती त्यांना बऱ्यापैकी पाठ होता, तो त्यांनी सांगून पाहिला. वासुदेवरावांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, "चांगलं ध्यानात ठेवलं, बाई." एवढंच. पूर्वी हा माणूस जेवताना बोलायचा, झोपेत बोलायचा असं काकू सांगत. आता दिवसभर खाटेवर बसून असे. उन्हाळा लागला तसं अन्न कमी झालं. दवाखान्यात दाखवलं, रोग काही निघाला नाही. अंकिता आठ दिवस राहून गेली आणि जाताना छपरीच्या पायरीवर बसून रडली. मी समोरच होतो.

शेवटचा मी गेलो तेव्हा ते निजून होते. माझ्या चपलांचा आवाज ओळखला.

"धर्मेंद्रभाऊ, एक पुसू का?"

"पुसा ना."

"तुमी पानं पलटोली, त्यात कुठं चिठ्ठी दिसली होती का? त्या बाईनं पोट्टीले लिहलेली?"

मी आठवू लागलो, आणि आठवलं. होती. तिरप्या अक्षरात छापलेली, वर तारीख, खाली 'तुझी आई'. मी ती पाहिली होती. चांगली लांब आहे हे बघूनच उलटली होती.

"होती," मी म्हणालो.

ते कोपरावर उठून बसायला लागले. काकूंनी पाठीला हात दिला. कित्येक महिन्यांत मी त्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं.

"काय होतं त्यात? तुले घ्याले येतो, असं लिहलं होतं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण खोटं एकदा पकडलं गेलं की तुमच्या खऱ्यालाही वजन राहत नाही, आणि त्यांना माझा आवाज तर माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

"मले नाई माहीत, काकाजी. मी वाचली नाई."

त्यांनी मान हलवली. काकूंनी त्यांना परत निजवलं. थोड्या वेळानं त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि मी उठून आलो. त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले.

चार पानांची चिठ्ठी होती ती. वाचायला फार तर दहा मिनिटं लागली असती. आणि ती उलटली त्या दुपारी मला कोणाचा फोन आला नव्हता, दुकानात कोणी थांबलेलं नव्हतं, कसलीच घाई नव्हती.