हौशीरामचा तराजू

हौशीरामला स्वतःबद्दल बोलायला सांगितलं की तो तंबाखू मळत बसायचा, त्यामुळे त्याची गोष्ट मलाच सांगणं भाग आहे. शाळेत आम्ही एकाच गोणपाटावर बसायचो. तो खडूवर मास्तरांचं डोकं कोरायचा, टकलासकट हुबेहूब. मार मात्र मला बसायचा, कारण हसू मला यायचं.

पुढे तो तळेगावला कारखान्यात पत्र्याच्या कामाला लागला. ती नोकरी सुटल्यावर घराच्या पडवीत पितळी वस्तू घडवू लागला. लोणावळ्याकडे हायवेलगत पर्यटकांसाठी एक प्रदर्शन निघालं होतं. तिथल्या लोकांनी त्याला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकातली चिन्हं करायला सांगितली. मोठ्या दातांचा मासा, घोड्याची शेपटी, आणि भाल्याच्या टोकावर न्यायाचा तराजू. दरबाराला हजर असलेला एक इंग्रज वकील चार ओळी लिहून गेलाय, तेवढाच आधार. माशाला दात कसे घडवायचे ते बघायला हा पवनेच्या धरणावर कोळ्याकडे गेला. कोळी म्हणाला, "आबा, दात राजाच्या माशाला असत्यात. आमचं मासं गरिबाचं, नुसतं गिळतंय."

तराजूपाशी मात्र हौशीराम हटून बसला. प्रदर्शनवाले म्हणाले, नुसता दिसला तरी चालेल. हा म्हणाला, "तराजू हाय तर तोलला पायजे. न्हाईतर ती नक्कल कसली?" आणि केलाही तसाच. पारड्यात तांदळाचा दाणा टाकला तरी दांडी कलायची.

ते प्रदर्शन काही चाललं नाही. बंद झालं तेव्हा सगळी चिन्हं आमच्या गावच्या मंडळाने आणली. राज्याभिषेकाच्या दिवशी ट्रॅक्टरवर उभी करून मिरवली, आणि वेशीजवळ चिंचेच्या फांदीचा तडाखा तराजूला बसला. दांडी वाकली. उजवं पारडं खाली उतरलं ते उतरलंच.

मिरवणूक संपल्यावर चिन्हं गावच्या देवळात नेऊन ठेवली. हौशीराम संध्याकाळी हातोडी घेऊन तिथे आला, तोवर तराजूला हळदकुंकू लागून नारळ फुटला होता.

मंडळाचा बजरंग आडवा आला. "आबा, पूजा झाली. आता हातोडी लावायची न्हाई."

"आरं, वाकलाय तो."

"वाकला न्हाई, झुकलाय. देव हाय, झुकंल न्हाईतर काय करंल?"

पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

आता, आमच्याकडे देवाला कौल लावायची रीत आहे. मूर्तीला दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. उजवं पडलं तर देवाचा होकार. कुणीतरी तराजूच्या दोन पारड्यांत दोन फुलं ठेवली, तर उजवं खाली. दुसऱ्याने ठेवली, तरी उजवं खाली. झालं! असा होकार देणारा देव कुणाला नको? कामशेतपासून माणसं यायला लागली.

हौशीरामच्या बायकोला, अंबूबाईला, छातीत गाठ होती. तळेगावच्या डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशन लवकर करा. ती गुपचूप देवळात जाऊन विचारून आली, कापाकापी न करता बरं वाटंल का? उजवं पारडं खालीच होतं.

हौशीराम हादरला. "अंबू, ती दांडी वाकलीय गं. दुसरं काय बी इचार, त्ये व्हयच म्हननार. ऑपरेशन करू का म्हनून इचारून बघ."

"एकदा दिलेला कौल पुन्यांदा इचारत न्हाईत," ती म्हणाली. रीत तशीच आहे, तिचं काही चुकलं नव्हतं.

भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे दिवस आले. सगळं गाव खाचरात वाकलेलं असताना हा भरदुपारी देवळात गेला आणि दांडी सरळ करून आला. संध्याकाळी येसूबाई मुलीच्या सोयरिकीचं विचारायला आली. फुलं ठेवली. पारडी सारख्या उंचीवर, जागची हलेनात. देव रुसला म्हणून बाईने हंबरडाच फोडला. तेव्हा हौशीराम सगळ्यांपुढे उभा राहिला. "देव न्हाई रुसला. म्या सरळ केला त्याला. आदी वाकडा हुता."

बजरंग अंगावर धावून आला. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. पण हौशीरामला बजरंगचं काय पडलं होतं? तो तसाच घरी पळाला. मीही मागोमाग गेलो.

अंबूबाई भाकरी थापत होती. बातमी आधीच तिच्या कानावर आली होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "त्याचं तोंड बंद केलंत म्हनं. बरं झालं बाई, मला त्यानं आदीच सांगून ठिवलं."

"अंबू, पाया पडतो. माझी चीज हाय ती, मला ठावं हाय. उद्या दवाखान्यात चल."

"आवं, सारा मुलूख म्हनतो हौशीरामची नक्कल म्हंजी अस्सल. आन् तुमीच मला खोटी म्हनून सांगता?"

हौशीराम उंबऱ्यावर बसून तंबाखू मळू लागला.

भात कापणीला आला तेव्हा अंबूबाई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाला, आता चाकू लावण्यात अर्थ नाही. मी रोज जायचो, शाळेतल्या जुन्या गमती सांगून तिला हसवायचो. हसता हसता कळ आली की ती ओठ आवळायची आणि नवऱ्याला विचारायची, "गाठ उतरतीया न्हवं?"

हौशीराम तिचा हात हातात धरून म्हणायचा, "व्हय."

दिवाळी तिने पाहिली नाही.