मुठीतला अंगठा

डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर नवी विहीर बांधून झाली होती. काम गावच्या पाणी समितीचं, तपासणी माझी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी नोकरीत नवा इंजिनीअर होतो. काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर समितीतल्या एका बाईचा अंगठा तेवढा बाकी होता. तो घ्यायला सरपंचांबरोबर गेलो.

बाई विहिरीवरच भेटली. पन्नाशीची, काटक, कमरेला विळा. मी शाईचं पॅड उघडून पुढे धरलं. तिने अंगठा मुठीत मिटला, दुसऱ्या हाताने विळा काढला आणि कठड्याच्या गिलाव्यावर सावकाश ओढला. वाळू भुरभुर खाली आली.

"काकी, लावा ना अंगठा. सायबांना टाइम नाय," सरपंच म्हणाले. ठेका त्यांच्या मेहुण्याचा होता.

"तुज्या घरची बाय येते का रे इथं पान्याला?" तिने विचारलं. मग माझ्याकडे वळली. "यावर तुजी सही हाय ना? मंग तू खरवडून बघितलंच असशील."

मी बघितलं नव्हतं. सही शहापूरच्या कचेरीत, पंख्याखाली बसून केली होती.

दाखला तिथंच फाडला. सगळा गिलावा उतरवून नवा करायला लावला. तिचं नाव आता आठवत नाही, तो मिटलेला अंगठा आठवतो.

महिन्याभराने पुन्हा गेलो. पॅड पिशवीतच राहू दिलं आणि आधी तिच्याकडे विळा मागितला.