एकशे बारा निनावी पत्रिका

शाळेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर विचुंब्याच्या शिक्षिका वेणू भोपी निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतः रचलेल्या, सरावाच्या एकशे बारा गणितपत्रिका होत्या. मिठागराचे वाफे, पळस्प्याच्या नाक्यावरच्या गाड्या, हळदीच्या जेवणाचे तांदूळ, अशी त्यांतली उदाहरणे. त्यांनी त्या इंटरनेटवर ठेवल्या आणि वर एकच शब्द लिहिला: मोफत. नाव घातले नाही.

ही गावची रीत. देवळामागच्या खोलीत गावकीचे टोप, पराती असतात. त्यांवर देणाऱ्याचे नाव कोरत नाहीत; दिलेले मिरवू नये म्हणून. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यावे आणि घासून परत ठेवावे. मात्र टोप कोणी दिला हे गावात सर्वांना ठाऊक असते. इंटरनेटवर तसे कोणालाच काही ठाऊक नसते, हा फरक बाईंच्या ध्यानात आला नाही.

पाच वर्षे निभावले. मग शिष्यवृत्ती परीक्षेला पाच आठवडे उरले असताना त्यांची विद्यार्थिनी मनस्वी फोन घेऊन धावत आली.

"बाई, पत्रिकांचा पान उघडत नाय."

पडद्यावर एक ओळ होती: हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे साहित्य हटवले आहे. बाईंकडे सरावाला येणाऱ्या चाळीस मुलांची सारी तयारी त्याच पानावर होती.

शोधाअंती हक्कधारक सापडला तो बाईंचाच जुना विद्यार्थी, हरेश. खारघरला त्याचे क्लास होते. बाई तिथे गेल्या तेव्हा टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा होता. मुखपृष्ठावर हरेशचा फोटो, आत त्यांचीच मिठागरे.

"बसा बाई. चहा सांगू?"

"आधी पान उघड."

"मी हातानं बंद केला नाय. इंटरनेटवर पुस्तक नोंदवला, आता जुळणारा काय दिसला की यंत्रणाच आपोआप तक्रार करते."

"गणितं कोनाची?"

"तुमचीच. पन नाव कुठं हाय?" हरेश हसला. "तुमीच सांगायच्या, पेपरवर नाव नाय तर मार्क नाय."

त्याने एक कागद पुढे सरकवला. सही केली की चाळीस मुलांना उद्याच पुस्तके फुकट. बदल्यात सर्व पत्रिका कायमच्या त्याच्या एकट्याच्या. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"पलस्प्याच्या शालंत याच पत्रिका शिकवतात. त्या पोरांचा काय?"

"त्यांनी विकत घ्याव्या."

बाई उठल्या.

"परीक्षा थांबत नाय, बाई," तो मागून हलकेच म्हणाला.

शेजारच्या नव्या इमारतीतली मिताली एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"काकू, मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत, एवढंच. मुक्त साहित्यावर करणाऱ्याने आधीच लेखी परवानगी दिलेली असते: वापरा, छापा, बदला, पुढे द्या, फक्त माझं नाव ठेवा. हवं तर अटही घालता येते, की बदललेलंही असंच खुलं ठेवायचं."

"मंग माजा हक्क गेला?"

"नाही. लिहिलंत तेव्हापासून तो तुमचाच. त्याला नोंदणी लागत नाही. पण पानावर नाव नव्हतं, आणि ते हटवल्यावर त्यावरची तारीखही गेली. सिद्ध करायला तारखेचे जुने कागद लागतील."

"ते रद्दीत दिले."

तरी मितालीने हरकतीचा अर्ज भरला. 'पुरावा' या शब्दापुढची चौकट रिकामीच गेली. त्याच दुपारी पळस्प्याच्या शाळेचे पान बंद झाले. संध्याकाळी याच पत्रिका ठेवणाऱ्या, उरणच्या बाजूच्या एका शिक्षकाचे. त्या शिक्षकाला बाईंनी कधी पाहिलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिली पत्रिका आठवून पुन्हा लिहिली. खाली पूर्ण नाव, तारीख आणि मितालीने सांगितलेली परवानगी. मितालीने त्या पत्रिकेचा फोटो इंटरनेटवर चढवला. चार मिनिटांत उत्तर आले: हे साहित्य अन्य हक्कधारकाच्या पुस्तकाशी जुळते. पुन्हा असे घडल्यास आपले खाते बंद होईल.

"दुसरी चढवू?" मितालीने विचारले. बोट मात्र तिने मागे घेतले होते.

बाईंनी ओट्यावरचा फळा पुसला आणि पहिले गणित लिहायला घेतले. चाळीस मुले वह्या उघडून बसली होती. इतक्यात बाईंचा फोन वाजू लागला; पळस्प्याच्या शाळेतली शिक्षिका होती. तिथल्या मुलांना हा फळा दिसणार नव्हता. बाईंनी खडू खाली ठेवला, पण फोन उचलला नाही.