रिकामा डबा

पायांना सूज आली ती नव्या चपलांनी, असं मी धरून चालले होते. जालन्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात."

रिपोर्टात क्रिएटिनिन फार वाढलेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. माझ्या रक्तात तो साठला होता. मी घरी येऊन चपला कोपऱ्यात फेकल्या आणि भरपूर रडले.

मग डायलिसिस सुरू झालं. यंत्र रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत सोडतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ज्यांची आज पहिली खेप असेल त्यांनी घाबरू नये. सुई टोचते, पण बाजूच्या खुर्चीवर गप्पिष्ट माणूस मिळाला की वेळ जातो. बहुतेक वेळा तो गप्पिष्ट माणूस मीच असायचे.

डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करा, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवून घ्या. धाकटी बहीण रूथ टेंभुर्णीहून तडक आली आणि मी देते म्हणाली. मी साफ नकार दिला.

आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी तर या बाबतीत फारच कडक. कोणी वाटीभर भाजी दिली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी लाडू पोचलेच पाहिजेत. मी थोरली, मी देणारी, रूथ घेणारी, अशी आमची लहानपणापासूनची घडी. तिची किडनी घेतली तर त्या डब्यात परत काय घालायचं?

पाच महिने मी टाळाटाळ केली. तोवर इतकी थकले की चर्चच्या चार पायऱ्या चढताना तीनदा थांबायचे. शेवटी हो म्हणाले, पण मनात पक्कं ठरवून की आईच्या पाटल्या रूथला द्यायच्या.

ऑपरेशन संभाजीनगरला होतं. त्याआधी क्रॉस-मॅच झाली. दोघींचं रक्त एकत्र करून माझं शरीर तिच्या किडनीशी भांडेल का, ते त्यात पाहतात. रक्तं भांडली नाहीत. मग हॉस्पिटलच्या समितीसमोर मुलाखत होती, कॅमेरा लावून. एका मॅडमनी विचारलं, बदल्यात काही देणार आहात का?

मी ऐटीत म्हणाले, "हो तर. सोन्याच्या पाटल्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बदल्यात काही दिलं-घेतलं तर कायद्यानं ऑपरेशन होऊच शकत नाही, म्हणाल्या. मुलाखत थांबली. आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्याच मानपानानं मी मरणार होते.

रूथला हा बेत ठाऊकच नव्हता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तीस वर्षं तू रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं, देव सगळ्यांना बोलावतो अन् फुकट देतो. तुला सोताला ते कधी पटलंच न्हाई का?"

पटलं नव्हतं. देवाकडेही मी प्रत्येक रविवारी लाडू घेऊनच जात होते. माझी शिकवणी, माझे उपास, माझी झाडलोट. रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे बसायचं मला कधी सुचलंच नाही. त्या बाकावर पहिल्यांदा तशी बसले. लाज वाटली आणि मग, खरं सांगते, फार हलकं वाटलं.

आत जाऊन सांगितलं, मी काही देणार नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. मॅडमनी रूथला एकटीला बोलावून पुन्हा सगळं विचारलं आणि चार दिवसांनी मंजुरी दिली.

किडनीनं ऑपरेशनच्या टेबलावरच काम सुरू केलं. सर्जन म्हणाले, "तुमच्या बहिणीची किडनी फार घाईची दिसते." तिसऱ्या दिवशी रूथ पोट धरत माझ्या खोलीच्या काचेपलीकडे आली आणि मला वाकुल्या दाखवून गेली.

आता शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर आहेत आणि गर्दीत मास्क. बाकी मी मजेत आहे. तुम्हाला कोणी देत असेल तर माझ्यासारखे पाच महिने घालवू नका.

मागच्या रविवारी रूथनं खिचडीचा डबा आणला. संध्याकाळी तिला बसमध्ये बसवताना मी तो धुऊन परत दिला. तिनं सवयीनं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं, साखरेचा कणसुद्धा नाही.

तिनं डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता तू बरी झाली, अक्का," ती म्हणाली.