पुठ्ठ्यात खोचलेले बोल्ट

नवरा जुन्या गाडीचं सस्पेन्शन खोलून बसलाय. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याने पुठ्ठ्यात खोचलाय आणि शेजारी जागा लिहिली आहे, 'पुढचं डावं, खालचा'. आता तो नवा बोल्ट उजेडात धरून आट्यांवरून हळुवार नख फिरवतोय. सवतीचे हे लाड मी हातात चहा घेऊन बघते. त्या बोटभर लोखंडाचा मला हेवा वाटतो.

"बसतोय की," मी म्हणते.

"बसतो गं, पण आटे फार वरपर्यंत आलेत. आतलं रबर खातील. इथे चालवून घेऊन भागत नाही."

माझ्या मंगळसूत्राचा हूक तुटला, तेव्हा हाच म्हणाला होता, "सेफ्टी पिन लाव ना, कुणाला दिसतंय?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली. पिन मानेला टोचते. मी चालवून घेतेय.