दुसरी रेघ

सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूंनी तोंड उघडायचं नसतं, हे पुनावळ्यात राहायला आल्या आल्या मला कळलं होतं. तरी मी उघडलं. सोसायटीच्या नळाला विहिरीचं पाणी यायचं आणि दोन वर्षांची माझी मुलगी तेच पीत होती. विहिरीशेजारच्या उसावर तणनाशक फवारलं जायचं. विहीर चेअरमनच्या घरची, ऊसही त्यांचाच. मोटर रोज सकाळी त्यांची आई चालू करायची.

मी चाकणच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. तिथं वापरतो तसल्या काही पट्ट्या विकत आणल्या आणि पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर एक विहिरीच्या पाण्यात बुडवली. एकच रेघ उमटली.

"निगेटिव्ह!" चेअरमन ओरडले. रेघा मोजायला करोनानं सगळ्यांना शिकवलं होतं.

"इथं उलटं असतं," मी म्हटलं. "पट्टीतली प्रतिपिंडं तणनाशकाला धरून ठेवतात. त्यांचे हात मोकळे राहिले तरच दुसरी रेघ निघते. ती निघाली नाही, म्हणजे पाण्यात तणनाशक आहे."

"ताई, आमी काय आडानी हाय का? शेंबड्या पोराला ठावं हाय, एक रेघ म्हंजी चांगलं."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या टेबलावरची पाण्याची सीलबंद बाटली फोडून मी दुसरी पट्टी तिच्यात बुडवली. थोड्या वेळात दोन रेघा आल्या.

"आता सांगा, विष बाटलीत की विहिरीत?"

"कंपन्यांचं सांडपाणी मुरलं असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"कंपन्या उसातलं तण काढायला येत नाहीत," मी म्हटलं.

"भाडेकरूला मत न्हाई. इषय संपला," म्हणत चेअरमन उठले.

नवरा शिफ्टवरून आला आणि म्हणाला, घर खाली करायला लावतील. लावू देत! दोन्ही पट्ट्या मी लिफ्टमध्ये चिकटवल्या आणि कुठली कुठल्या पाण्याची तेही लिहिलं. कुणीतरी त्या फाडल्या. मग मी त्यांचे आधीच काढून ठेवलेले फोटो लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. दार वाजलं. चेअरमनची आई विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"नवरी हून आले तवाधरनं हेच पानी पितीय. माझ्यासमोर बघ."

मी पट्टी बुडवली. ती चष्मा पुसून पुसून दुसऱ्या रेघेची वाट बघत राहिली. रेघ आली नाही. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मोटरीची हाय. ल्योक मागाय आला तर म्हन, आईनं दिलीया."

आता टँकर येतो. किल्ली माझ्याकडंच आहे. आणि मी अजून भाडेकरूच आहे.