भानुदासमामांची सात मिनिटं

फेब्रुवारीचा पहिला सोमवार, सकाळचे साडेनऊ. हिशेब एकशे अडुसष्ट मिनिटांचा. हजर तिघे: बसच्या ठेकेदाराचा सुपरवायझर, मी आणि आमच्या बसचे ड्रायव्हर भानुदासमामा.

सिडकोहून बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यापर्यंत मामा अकरा वर्षं कर्मचाऱ्यांची बस चालवत होते. ठेंगणे, खादीची टोपी, घराणं मेंढपाळांचं. कोणत्याही चौकात समोरून वाहन दिसलं की मामा उजवा हात खिडकीबाहेर काढत आणि पंजा सावकाश पुढे हलवून त्याला आधी जायला सांगत. रिक्षा असो, दूधवाल्याची मोटरसायकल असो. मेंढरं आडवी आली तर इंजिनच बंद. मागून आम्ही ओरडलो की म्हणत, "हॉर्न मारला की कळप फुटतो सायेब. मग दहा मिन्टं तीच गोळा करायची."

पैठण रोडच्या रुंदीकरणात एकच बाजू सुरू राहिली, तेव्हा समोरच्याला आधी काढून देण्याच्या या सवयीने आम्हाला गेटवर उशीर होऊ लागला. तीन लेटला अर्धी रजा कापली जाई. मी लेखा विभागात. चोवीस दिवस खिशातल्या डायरीत मामांचा प्रत्येक थांबा मिनिटांनिशी लिहिला. सरासरी रोज सात मिनिटं. बसमधल्या चौदापैकी नऊ जणांनी अर्जावर सह्या केल्या. पहिली सही माझी.

त्या सोमवारी मी आकडे वाचून दाखवले. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. सुपरवायझरने विचारलं, हे खरं का? मामा म्हणाले, "सायबांनी लिवलंय ते बरोबर हाय. पर त्यांनी निस्तं थांबलेलं लिवलं. त्या थांबण्यानं जो जाम झालाच नाय, तो कुठं लिवणार?"

मला ते उत्तर चलाख वाटलं. न घडलेल्या गोष्टीची नोंद होत नाही, असं मी सांगितलं. मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पाण्याच्या टँकरवर टाकलं.

नवा ड्रायव्हर तरणा, तडफदार. पंधरा दिवस आम्ही वेळेआधी पोचलो आणि मी समाधानाने डायरी बंद केली. मग एका सकाळी त्या एकेरी पट्ट्यात आमची बस आणि उसाचा ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे राहिले. "आधी त्यानं मागं घ्यावं," आमचा म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. दोन्हीकडे रांगा लागल्या. सत्तावन्न मिनिटं. मामांच्या आठ दिवसांच्या थांब्यांइतका वेळ एका सकाळीच गेला.

अर्ज मागे घ्यायला मी ठेकेदाराकडे गेलो. तिथं कळलं, मामा काम सोडून वैजापूरकडे गावी गेले. टँकरला पगार खेपेवर असतो. रोज सगळ्यांना वाट देणाऱ्याच्या खेपा कशा भरणार? आयुष्य आकड्यांत काढलेल्या मला हे सही करण्याआधी सुचायला हवं होतं.

यंदा बायकोला घेऊन एका लग्नाला गाडीने वैजापूरला निघालो होतो. वाटेत मेंढरांचा कळप रस्त्यात आला. पुढे काठी घेतलेला म्हातारा, डोक्यावर तीच टोपी. त्याने पंजा उभा धरला. मी इंजिन बंद केलं. बायको म्हणाली, मुहूर्त चुकेल. मी हॉर्नला हात लावला नाही.

शेवटचं कोकरू पलीकडं गेल्यावर मामा खिडकीशी आले, वाकून आत पाहिलं आणि हसले. "लिवून घ्या सायेब. चार मिन्टं."

मी दार उघडायला गेलो. जे बोलायचं होतं ते बसल्या जागी बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात मागून जीपने हॉर्न दिला. मामांनी दारावर हात ठेवून ते लोटलं. "निघा, मागं गाडी हाय," म्हणाले, आणि पंजा सावकाश पुढे हलवला.

मी निघालो. एकशे अडुसष्टपैकी चार मिनिटं भानुदासमामांना परत दिली. माफी मागायची राहिली.